आदरणीय महोदय, आपले पत्र कचऱ्यात आहे

सोमवारी सकाळी कामावर गेलं की माझं पहिलं काम म्हणजे झाडलोट. हातात झाडू नसतो एवढंच. शनिवार-रविवारी ई-मेलच्या पेटीत साठलेला कचरा उपसायचा. माझं संशोधन उष्णतेच्या वहनावर, म्हणजे यंत्रं तापतात ती थंड कशी ठेवायची यावर. पण परवाच्या सोमवारी मला स्त्रीरोगतज्ज्ञांच्या परिषदेत बीजभाषण द्यायचं आमंत्रण होतं. मत्स्यशेतीच्या एका नियतकालिकाला मी संपादक मंडळावर हवा होतो. कुणा दिवंगत तेलसम्राटाच्या विधवेला तिचे काही कोटी डॉलर माझ्याच खात्यात ठेवायचे होते. आणि आमच्या संचालकांच्या नावाने कुणीतरी कळवलं होतं की 'मीटिंगमध्ये आहे, घाईने पाच गिफ्ट कार्डं घेऊन नंबर पाठव.' संचालक त्या वेळी शेजारच्या खोलीत कॉफी पीत बसले होते!

वैताग येतो, पण मंडळी, तुम्हालाही येतच असेल, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगायची आहे ती याच झाडलोटीत माझ्या हातून झालेली एक चूक. पण ती नीट कळायची तर हा कचरा आला कुठून, हे आधी बघायला हवं. तेव्हा थोडा इतिहास.

न मागितलेली जाहिरात तारांवरून पाठवायची कल्पना संगणकाच्या कितीतरी आधीची. १८६४ साली लंडनमधल्या काही प्रतिष्ठित मंडळींच्या घरी तार येऊन पडली. त्या काळी तार म्हणजे काहीतरी गंभीर. आपल्याकडेही तारवाला दारात आला की घरातल्या बायका आधी डोळ्याला पदर लावत, मग तार वाचली जाई. लंडनकरांनी धडधडत्या छातीने तार उघडली, तर आत काय? हार्ली स्ट्रीटवरचे दंतवैद्य किती ते किती वाजेपर्यंत भेटतील, ते वेळापत्रक! वैतागलेल्या एका गृहस्थांनी 'द टाइम्स'ला पत्र लिहून तक्रार केली आणि ती छापून आली. त्यांचा राग दातांवर नव्हता. तातडीच्या बातमीसाठी असलेलं साधन कुणीतरी फुकाच्या कामाला लावलं, यावर होता.

आपल्याकडची संतोषीमातेची पोस्टकार्डं आठवतात? 'हे पत्र मिळताच अशीच अमुक इतकी पत्रं लिहा, न लिहिणाऱ्याचं वाटोळं झालं' वगैरे. माझ्या आईने शाळेत असताना घाबरून अशी कार्डं लिहिली होती, असं ती सांगते. पण त्यात एक गोष्ट होती. प्रत्येक कार्डाचे पैसे लिहिणाऱ्याच्या खिशातून जात आणि बोटं त्याचीच दुखत. त्यामुळे त्या संकटाला आपोआप आळा बसत असे. ई-मेलने नेमका तोच आळा काढून टाकला.

हे होणार, हे एका माणसाला फार लवकर दिसलं होतं. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशावर उभारलेलं अर्पानेट हे इंटरनेटचं पूर्वरूप. त्याच्या नियमांची निगा राखणाऱ्या जॉन पोस्टेल यांनी नोव्हेंबर १९७५ मध्ये एक छोटं टिपण लिहिलं. विषय होता नको असलेल्या टपालाचा. मुद्दा असा, की या जाळ्यात एखाद्या संगणकाला 'अमक्याकडून आलेलं मला नको' असं म्हणायची सोयच नाही. एखादा बिघडला किंवा मुद्दाम वाईट वागला, तर बाकीच्यांनी करायचं काय? तेव्हा ते फारसं कुणी मनावर घेतलं नसावं. जाळ्यावर सगळे ओळखीचेच होते.

अडीच वर्षांनी, ३ मे १९७८ रोजी, डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीच्या विक्री विभागातल्या गॅरी थुर्क यांनी आपल्या नव्या संगणकांची जाहिरात अर्पानेटवरून पाठवली. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे ४०० जणांना एकाच वेळी. लॉस एंजेलिसला आणि सॅन मटिओला प्रात्यक्षिक आहे, जरूर या, असा मजकूर. पत्ते छापील यादीतून बघून टंकलेले. ते इतके झाले की पत्त्याच्या रकान्यात मावेनात, उरलेले मजकुरातच सांडले. म्हणजे जाहिरात वाचायच्या आधी लोकांना पानभर पत्ते वाचावे लागले! जाळ्याची देखरेख करणाऱ्या लष्करी कार्यालयाने खरमरीत समज दिली, की हे सरकारी कामासाठी आहे, दुकानदारीसाठी नाही. थुर्कसाहेबांनी पुढे मुलाखतींतून सांगितलं की त्या एका मेलमुळे कोटभर डॉलरहून अधिक किमतीची यंत्रं खपली. शिव्या पडल्या, पण माल विकला गेला. पुढची सगळी गोष्ट या एका वाक्यात आहे.

नाव मात्र नंतरचं. स्पॅम हे अमेरिकेतल्या हॉर्मेल कंपनीचं १९३७ सालापासून विकलं जाणारं डबाबंद डुकराचं मांस. दुसऱ्या महायुद्धात ते सैनिकांच्या आणि रेशनवर जगणाऱ्या ब्रिटिशांच्या ताटात इतकं आलं की लोक कंटाळले. त्यावर १९७० साली 'मॉन्टी पायथन' या ब्रिटिश विनोदी मंडळींनी एक प्रवेश केला. खानावळीतल्या प्रत्येक पदार्थात स्पॅम आहे आणि ते नको म्हणणाऱ्या बाईचा आवाज 'स्पॅम, स्पॅम' या कोरसात बुडून जातो. पुढे संगणकवाल्यांनी शब्द उचलला तो याच अर्थाने: एकच गोष्ट इतक्यांदा ओरडायची की बाकीचं बोलणं ऐकूच येऊ नये.

हा शब्द सगळीकडे पोचवला तो दोन वकिलांनी, आणि ही गोष्ट आम्हा परदेशस्थांच्या जिव्हाळ्याची आहे. १२ एप्रिल १९९४ रोजी अॅरिझोनातल्या लॉरेन्स कँटर आणि मार्था सीगल या नवरा-बायकोने युझनेट या जाळ्यावरच्या पाच हजारांहून अधिक चर्चागटांत एकच जाहिरात टाकली. ग्रीन कार्डाची सोडत निघते आहे, आम्ही तुमचा अर्ज भरून देतो, फी अमुक! प्रत्यक्षात त्या सोडतीचा अर्ज एका साध्या पत्रावर पाठवता येत असे, वकील लागतच नव्हता. प्रत्येक गटात जाहिरात वेगळी टाकलेली, त्यामुळे दहा गट वाचणाऱ्याला ती दहा वेळा दिसली. लोक इतके चिडले की त्यांच्या उत्तरांच्या माऱ्याने वकिलांना जोडणी देणाऱ्या कंपनीचे संगणक कोलमडले. कँटर-सीगल यांनी माफी तर मागितली नाहीच, उलट असा धंदा कसा करावा यावर पुस्तक लिहिलं. १९९७ साली टेनेसी राज्याने कँटरची वकिलीची सनद काढून घेतली, त्यामागच्या कारणांत ही जाहिरातही होती.

त्या काळी अमेरिकन विद्यापीठांतली आपली बरीच मुलं युझनेटवर असत. त्यांच्याही पुढ्यात ही जाहिरात येऊन पडली असणार. गंमत अशी की भारतात जन्मलेल्यांना त्या सोडतीत भागच घेता येत नव्हता! ज्याला उपयोग नाही त्यालाही पाठवायचं, कारण पाठवायला काही पडत नाही. आयजीच्या जिवावर बायजी उदार, ती अशी.

पण हे परवडतं कसं? याचं उत्तर २००८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो आणि बर्कली इथल्या संशोधकांनी शोधलं. स्पॅम पाठवणाऱ्या एका टोळीने जगभरचे संगणक गुपचूप ताब्यात घेतले होते. संशोधकांनी त्या जाळ्याच्या एका छोट्या भागात शिरून औषधांच्या जाहिरातीतले दुवे स्वतःच्या खोट्या दुकानाकडे वळवले आणि मोजदाद केली. २६ दिवसांत जवळजवळ ३५ कोटी मेल गेले. खरेदीपर्यंत पोचले किती? २८ जण. म्हणजे सव्वा कोटी मेलमागे एक गिऱ्हाईक. दुसरा कुठलाही धंदा या दराने दुसऱ्या दिवशी बसला असता. इथे मात्र दळणाचे पैसे जात्याचा मालक देत नाही, आपण सगळे देतो.

उपायही झाले. २००३ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेने कायदा केला, पण त्यात नको म्हणेपर्यंत पाठवायला परवानगीच होती. कायद्याचं इंग्रजी नाव 'कॅन-स्पॅम', तेव्हा टीकाकारांनी त्याचा अर्थ 'खुशाल पाठवा' असा लावला. २००४ च्या जानेवारीत बिल गेट्स यांनी दाव्होसला सांगितलं की दोन वर्षांत हा प्रश्न सुटेल. तो अजून सुटतोच आहे.

खरा उपयोग झाला गणिताचा. थॉमस बेझ हा अठराव्या शतकातला इंग्रज धर्मोपदेशक. संभाव्यतेवरचा त्याचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर १७६३ साली छापला गेला. संशोधकांनी १९९८ च्या सुमारास ती कल्पना ई-मेलला लावली आणि २००२ साली पॉल ग्रॅहम या प्रोग्रॅमरच्या एका निबंधाने ती सर्वदूर पोचवली. कल्पना सोपी आहे. चांगल्या मेलांचा एक ढीग घ्या, कचऱ्याचा दुसरा. कुठला शब्द कुठल्या ढिगात किती वेळा येतो ते मोजा. नवा मेल आला की त्यातल्या शब्दांवरून तो कुठल्या ढिगातला असावा, ते ठरवा. थोडक्यात, चाळण माणूस ओळखत नाही, त्याची बोली ओळखते.

ग्रॅहमने यात एक बारीक गोष्ट केली होती. चांगल्या ढिगातली मोजणी तो दुप्पट धरत असे. कारण कचरा चुकून आत आला तर एक बटण दाबावं लागतं, पण खरं पत्र चुकून कचऱ्यात गेलं तर ते गेलं हे कळतही नाही. सुक्याबरोबर ओलं जळू नये म्हणून पारडं मुद्दाम एका बाजूला झुकवलेलं.

आता माझ्या चुकीकडे येतो.

संशोधकांच्या वाट्याला येणारा स्पॅम निराळ्या जातीचा. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकं आणि परिषदा यांची आमंत्रणं. डेव्हिड मॅझिएरेस आणि एडी कोहलर या दोन संगणकतज्ज्ञांनी २००५ साली वैतागून एक 'शोधनिबंध' लिहिला होता. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, आकृत्यांतसुद्धा, एकच वाक्य: तुमच्या यादीतून मला काढा (मधे एक शिवी). २०१४ साली एका ऑस्ट्रेलियन संशोधकाने तो असल्याच एका नियतकालिकाला उत्तरादाखल धाडला. परीक्षकाचा शेरा आला: उत्कृष्ट! छापायचे १५० डॉलर फक्त.

या आमंत्रणांची भाषा ठरलेली. 'रिस्पेक्टेड सर, ग्रीटिंग्ज ऑफ द डे', मग आपल्या विद्वत्तेची तारीफ, मग विनंती. ही भाषा मी इतक्यांदा पुसली की डोळेच चाळण झाले. 'रिस्पेक्टेड' दिसलं की बोट आपोआप पुसायच्या बटणावर.

दोनेक वर्षांपूर्वी प्रयोगशाळेच्या पत्त्यावर माझ्या नावाचा एक कागदी लिफाफा आला. भारतीय तिकिटं, पत्ता हाताने लिहिलेला. सोलापूर जिल्ह्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातली शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी. माझ्या एका निबंधावर तिचा प्रकल्प बेतलेला आणि तिची उत्तरं माझ्या आलेखाशी जुळत नव्हती. तिने तीन मेल पाठवले होते. शेवटी इंग्रजी सोडून तिने मराठीत लिहिलं होतं: 'सर, आडनावावरून तुम्ही मराठी असाल असं वाटलं. मेल मिळाले नसतील म्हणून पत्र पाठवते. चौथ्या समीकरणात ऋण चिन्ह राहिलं आहे का?'

राहिलं होतं. छापताना गळलेलं ते चिन्ह माझ्या, सहलेखकांच्या, परीक्षकांच्या, कुणाच्याच नजरेला पडलं नव्हतं.

मी कचऱ्याची पेटी उघडली. एक मेल अजून तिथे होता. 'रिस्पेक्टेड सर, ग्रीटिंग्ज.' बाकीचे दोन यंत्राने नाही, मीच पुसले असणार. तिला महाविद्यालयात पत्रलेखन शिकवलं ते असंच. मलाही तसंच शिकवलं होतं. पीएचडीला प्रवेश मिळवताना मी इथल्या प्राध्यापकांना जे मेल पाठवले, ते हुबेहूब याच भाषेत होते. कुणीतरी ते पुसले नाहीत, म्हणून आज मी इथे बसून दुसऱ्यांचे पुसतो आहे.

त्याच दिवशी तिला फोन लावला. प्रकल्प आधीच सादर झाला होता. उत्तरं जुळत नाहीत म्हणून मार्क कापले गेले होते, आणि आपलंच काहीतरी चुकतंय असं समजून दीड महिना ती तेच गणित पुन्हा पुन्हा करत बसली होती. मी दुरुस्ती छापून घेतली, त्यात तिचे नावानिशी आभार मानले, तिच्या सरांना पत्र लिहिलं. मार्क काही बदलले नाहीत. 'असू दे सर, गणित बरोबर होतं ना?' एवढंच ती म्हणाली.

तुमच्या घरात, ओळखीत कुणी परदेशातल्या संशोधकांना लिहिणारी मुलं असतील तर त्यांना एवढं जरूर सांगा. विषयाच्या जागी त्या माणसाच्या निबंधाचं नाव आणि आपला नेमका प्रश्न लिहा. पहिल्याच ओळीत कामाचं बोला. आदर शेवटी सहीपाशी दाखवला तरी चालतो. आणि उत्तर आलं नाही तर आपलं चुकलं असं लगेच धरून बसू नका.

मी माझ्यापुरतं ग्रॅहमचं पारडं घेतलं आहे. कचऱ्याची पेटी आता पुसण्याआधी एकदा वाचतो. सोमवारची वीस मिनिटं जातात. परवा सदतीस 'रिस्पेक्टेड सर' निघाले. सदतीसच्या सदतीस कचरा होते. असो. पुढच्या सोमवारी पुन्हा बघू.