एक भागिले एकोणीस आणि नागपूर

एकाला एकोणिसाने भागले की दशांश चिन्हापुढे ०५२६३१५७८९४७३६८४२१ हे अठरा अंक येतात आणि त्यांचेच आवर्तन चालू राहते. या अंकांचीच एक पूर्ण संख्या मानली, तर ती फार गुणी निघते. तिला १ ते १८ पैकी कशानेही गुणावे. अंक तेच राहतात, क्रमही तोच, सुरुवात मात्र दुसरीकडून होते. १९ ने गुणले तर अठरा नव्वे मिळतात. मधोमध तोडून ०५२६३१५७८ आणि ९४७३६८४२१ यांची बेरीज केली तर नऊ नव्वे. तिची दुप्पट १०५२६३१५७८९४७३६८४२. हिच्या शेवटचा २ उचलून आरंभी ठेवला की हीसुद्धा दुप्पट होते, आणि असे होणारी याहून लहान संख्या नाही.

भारतीकृष्ण तीर्थ यांच्या ‘वैदिक गणिता’त १/१९ हे सुरुवातीचेच उदाहरण आहे. पुरीच्या गोवर्धन पीठाच्या या शंकराचार्यांनी १९५३ साली नागपुरात विश्वपुनर्निर्माण संघ स्थापन केला. सोळा सूत्रांवर त्यांनी सोळा खंड लिहिले होते आणि ते नागपुरात एका शिष्याच्या घरी ठेवले होते. तेथून ते गहाळ झाले, असे त्यांच्या शिष्या मंजुळा त्रिवेदी यांनी नमूद केले आहे. १९५६ मध्ये ते कायमचे गेल्याचे स्पष्ट झाले. पुढच्याच वर्षी, दृष्टी अधू झालेली असताना, स्वामींनी आठवणीतून एक खंड लिहून काढला. १९६० मध्ये त्यांचे निधन झाले आणि १९६५ मध्ये बनारस हिंदू विश्वविद्यालयाने तो छापला; तोच हा ‘वैदिक गणित’ ग्रंथ.

त्यातली १/१९ ची रीत खरोखर सुटसुटीत आहे. १९ मधल्या १ हून एक अधिक म्हणजे २. उजवीकडे १ मांडायचा आणि डावीकडे दुप्पट करत जायचे: १, २, ४, ८, मग १६ चा ६ व हातचा १, मग १३ चा ३ व हातचा १. भागाकार न करता अठराही अंक उतरतात. कारण साधे आहे: २ गुणिले १० म्हणजे २०, आणि २० ला १९ ने भागले की बाकी १. आवर्ती दशांशांची अशी उपपत्ती गाउसने १८०१ मध्येच मांडली होती. शंभराच्या आत अशी पूर्ण लांबीची, म्हणजे संख्येहून एकने कमी इतक्या अंकांची, आवर्तने देणाऱ्या मूळ संख्या नऊच: ७, १७, १९, २३, २९, ४७, ५९, ६१ आणि ९७.

रीत बरोबर असली, तरी ‘वैदिक’ हे विशेषण टिकत नाही. सूत्रे अथर्ववेदाच्या परिशिष्टातली असल्याचा दावा होता. १९५० मध्ये लखनौला गणितेतिहासकार कृपाशंकर शुक्ल यांनी परिशिष्टाची छापील प्रत पुढे करून ती दाखवायला सांगितली, तेव्हा ती आपल्या स्वतःच्या परिशिष्टात आहेत, असे स्वामींनी उत्तर दिले. ग्रंथाचे संपादक वासुदेवशरण अग्रवाल यांनीही ती ज्ञात परिशिष्टांत सापडत नसल्याचे मान्य केले. पुढे १९९३ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील गणितज्ञ श्री. गो. दाणी यांनी हा दावा सविस्तर तपासून खोडून काढला.