दोन मिनिटांची चूक

दोन वर्षांपूर्वी गोंदियातल्या एका वाचनालयात एका शाळकरी मुलाने मला विचारले, "काका, बायथलॉनमध्ये पोहतात की बंदूक चालवतात?" त्याच्या शाळेत धावणे-पोहणे-धावणे अशा स्पर्धेची सूचना लागली होती आणि टीव्हीवर त्याने पाठीला रायफल बांधून बर्फावर धावणारी माणसे पाहिली होती. मी 'दोन्ही' असे मोघम उत्तर देऊन सुटका करून घेतली. घरी आल्यावर ते उत्तर खुपत राहिले. धानाच्या आणि तेंदूपानाच्या आमच्या मुलखात बर्फाचा संबंध येतो तो गोळ्याच्या गाडीपुरता. तरी प्रश्न खरा होता, म्हणून शोधायला बसलो.

बहुतेक लेखक या खेळाची सुरुवात शिकारीपासून करतात. नॉर्वेतल्या खडकांवर स्कीवर उभी असलेली माणसे हजारो वर्षांपूर्वी कोरलेली आहेत, त्यांचा दाखला देतात. मला ते पुरते पटत नाही. बर्फात जनावराचा पाठलाग होतही असेल. पण शिकाऱ्याची खरी कला धाप लागू न देण्यात असते. आमच्याकडचे जुने गोंड शिकारी पाणवठ्यावर दबा धरून रात्र काढत, खोकलासुद्धा गिळत. छाती भात्यासारखी हलत असताना नेम धरायची पाळी येते ती शिपायावर. आणि कागदोपत्री पुरावाही तिकडेच बोट दाखवतो: 1767 मध्ये स्वीडन-नॉर्वे सीमेवरच्या पहारेकऱ्यांत स्की आणि नेमबाजीच्या स्पर्धा झाल्याची नोंद आहे. 1924 मध्ये फ्रान्समधल्या शामोनीला पहिले हिवाळी ऑलिम्पिक भरले, तेव्हाही चौघांच्या लष्करी गस्तपथकांचीच शर्यत होती. सहा संघ उतरले, दोघांनी वाटेतच सोडून दिले, स्वित्झर्लंड जिंकले.

दुसऱ्या महायुद्धानंतर गणवेशातल्या खेळाची हौस ओसरली. 1948 नंतर गस्तीची शर्यत ऑलिम्पिकमधून गेली. त्याच वर्षी आधुनिक पेंटॅथलॉनची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि 1953 मध्ये तिने या बर्फावरच्या खेळाला आपल्या पंखाखाली घेतले. गस्तपथक गेले, एकटा खेळाडू आला. 1993 मध्ये बायथलॉनने स्वतंत्र संघटना काढून वेगळी चूल मांडली. धावणे-पोहणे-धावणे हा 'बायथल' मात्र पेंटॅथलॉनवाल्यांच्याच घरचा. म्हणजे त्या मुलाचा गोंधळ अगदीच अडाणी नव्हता. दोन्ही नावे एकाच वाड्यातून बाहेर पडलेली आहेत.

ऑलिम्पिकमध्ये बायथलॉन आले ते 1960 साली, कॅलिफोर्नियातल्या स्क्वॉ व्हॅलीला. वीस किलोमीटर, वीस गोळ्या, चार वेगवेगळी अंतरे, आणि हुकलेल्या प्रत्येक गोळीला दोन मिनिटे दंड. त्या दिवशी सर्वांत वेगाने धावला फ्रान्सचा व्हिक्टर आर्बेझ. त्याच्या वीसपैकी अठरा गोळ्या चुकल्या. छत्तीस मिनिटे चढली. स्वीडनचा क्लास लेस्टांडर नुसत्या धावण्यात पंधरावा होता. त्याची एकही गोळी चुकली नाही आणि सुवर्णपदक त्याने नेले. 1968 मध्ये ग्रेनोबलला पुन्हा तेच घडले. सोव्हिएत संघाचा अलेक्सांद्र तिखोनोव्ह धावण्यात सरस, पण दोन मिनिटांच्या दंडाने मागे पडला. वीसही गोळ्या लावणारा नॉर्वेचा माग्नार सोल्बर्ग जिंकला. हा सोल्बर्ग पोलीस खात्यातला. लक्ष विचलित होऊ नये म्हणून त्याला मुंग्यांच्या वारुळावर पालथे झोपवून नेमबाजीचा सराव करायला लावत, असे सांगतात. हे वाचून मी एकटाच हसलो. वैशाखात तेंदूपाने तोडताना लाल मुंग्या अंगावर घेतलेल्या बाईला यात नवल वाटणार नाही.

1978 मध्ये मोठ्या काडतुसाची रायफल गेली, .22 ची आली आणि अंतर पन्नास मीटरवर स्थिरावले. स्त्रियांना ऑलिम्पिकचे दार उघडायला मात्र 1992 उजाडावे लागले. बत्तीस वर्षे कुणाच्या चुकीचा दंड त्यांनी भरला, याचा हिशेब नियमपुस्तकात नाही.

आता आपल्या अंगणात येतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने 2024 मध्ये पॅरिसला कांस्यपदक घेतले, तेही .22 च्या रायफलनेच आणि पन्नास मीटरवरूनच. त्याच्या लक्ष्यावरचे दहा गुणांचे वर्तुळ 10.4 मिलिमीटरचे. बायथलॉनमध्ये झोपून मारायची तबकडी 45 मिलिमीटरची, उभ्याने मारायची 115 ची. आकडे पाहून वाटते, हे तर सोपे! पण कुसाळे रेंजवर शांत उभा राहतो. बायथलॉनवाला निदान साडेतीन किलोची रायफल पाठीवर घेऊन, चढ चढून, धापा टाकत तिथे पोचतो. तबकडी मोठी ठेवली आहे ती धडधडत्या काळजासाठी.

भारताचे नाव ऑलिम्पिकच्या बायथलॉन निकालांत अजून लागलेले नाही. 2014 ला सोचीत नदीम इक्बाल आणि 2018 ला प्योंगचांगला जगदीश सिंग बर्फावर लांब पल्ला धावले. दोघेही सैन्यातले, पण रायफलीविना. गुलमर्गला सैन्याची उंचावरच्या युद्धाची शाळा 1948 पासून आहे. स्की आहेत, रायफली आहेत, शिपाई आहेत. 1767 च्या त्या सीमेवर याहून जास्त काय होते?

तो मुलगा आता नववीत आहे. परवा वाचनालयात भेटला, तेव्हा त्याला हे सगळे सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि विचारले, "काका, अठरा गोळ्या चुकल्यावरही तो फ्रान्सवाला शेवटपर्यंत धावला?"

धावला, म्हटले.