डाळिंबी (रंग)

डाळिंबी हा डाळिंबाच्या पिकलेल्या दाण्यांवरून नाव पडलेला गडद लाल रंग होय. साड्यांच्या रंगांत हे नाव रूढ आहे. सोललेल्या मोडाच्या वालांनाही 'डाळिंब्या' म्हणतात. तो अर्थ वेगळा.

झाड

डाळिंब (शास्त्रीय नाव: प्युनिका ग्रॅनॅटम) हे मूळचे इराण व लगतच्या प्रदेशातील झुडूपवजा झाड आहे. संस्कृतात त्यास 'दाडिम' म्हणतात. कमी पावसातही तग धरत असल्याने सिन्नरसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यांत त्याच्या बागा आढळतात.

वाण आणि रंग

सर्वच डाळिंबांचे दाणे डाळिंबी नसतात. 'गणेश' वाणाचे दाणे फिकट गुलाबी, तर 'भगवा' वाणाचे गडद लाल असतात. बाजारभाव फळाच्या रंगावर व नितळपणावर बराचसा अवलंबून असतो. त्यामुळे सालीवर काळपट, तेलकट डाग पाडणारा 'तेल्या' हा जीवाणूजन्य रोग बागायतदारांचे मोठे नुकसान करतो.

रंगकाम

डाळिंबाच्या सालीत टॅनिन भरपूर असते. तुरटी लावलेल्या कापडावर तिचा काढा पिवळा, तर लोहक्षारांसह करडा रंग देतो. साल डाळिंबी रंग देत नाही. ते नाव केवळ दाण्यांच्या रूपावरून आले आहे.