नल्लकुंट्यातील परस आणि झाडांची मुळे

हैदराबादच्या पूर्व भागातील नल्लकुंटा ही वस्ती ज्या कुंट्याच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, नावाने ओळखली जाते, तशी तळी तेलंगणाच्या पठारावर पावसाचे पाणी अडवण्यासाठी शतकानुशतके बांधली जात असत. त्यांच्या पाझरावर खालच्या अंगाला भात आणि भाजीपाला होई, तर चिंच, कडुलिंब, ताड ही झाडे बांधावर किंवा शेताच्या कडेला राहत. झाड आणि वाफा यांच्यातील तंटा तेथे अंतरानेच मिटत असे. हे तत्त्व जुने आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त, वृक्षायुर्वेदाच्या अध्यायात, दोन झाडांमध्ये वीस हात अंतर उत्तम, सोळा हात मध्यम आणि बारा हात किमान सांगितले असून, मुळे एकमेकांत मिसळली की झाडे नीट फळत नाहीत, असे त्याचे कारणही दिले आहे. भाजीचा विचार त्यात नाही. परंतु बांधावरील झाड आणि पीक यांच्यामध्ये चर खोदून मुळे तोडण्याची शेतकऱ्यांची रीत त्याच जाणिवेवर उभी आहे.

मुसी नदीच्या 1908 च्या महापुरानंतर 1912 मध्ये नगर सुधारणा मंडळ स्थापन झाले, 1916 मध्ये काचीगुड्याचे रेल्वे स्थानक उभे राहिले, 1918 मध्ये उस्मानिया विद्यापीठाची स्थापना झाली आणि शहर या दिशेला पसरत गेले. मराठवाडा 1956 पर्यंत हैदराबाद संस्थानाचा व पुढे राज्याचा भाग असल्याने राजधानीत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांनाही हा परिसर परका नव्हता. घरामागच्या परसात कुंपणाच्या भिंतीलगत आंबा, शेवगा किंवा कडुलिंब आणि मधल्या मोकळ्या जागेत मेथी, वांगी, मोरीच्या पाण्यावर अळू, अशी मांडणी रूढ झाली, आणि वराहमिहिराचे किमान बारा हात, म्हणजे सुमारे अठरा फूट, अंतर पाळणे तेव्हापासूनच अवघड होत गेले.

येथील जमिनीनेही या अडचणीत भर घातली. हैदराबाद ग्रॅनाइटच्या खडकावर वसलेले आहे. जेथे मुरुमाचा थर उथळ आणि खाली कठीण खडक असतो, तेथे मुळे खोल न जाता आडवी पसरतात, आणि पाणी व अन्न शोषणारी बारीक मुळे तर बहुतेक झाडांत वरच्या दोन फुटांतच असतात. गादीवाफा, म्हणजे माती भुसभुशीत करून वीतभर उंच केलेला वाफा, मुळात पाण्याचा निचरा व्हावा म्हणून योजलेला असतो. मूळ जाणूनबुजून त्याच्याकडे येत नाही. ओल आणि हवा मिळेल तिकडे ते वाढते, आणि रोज शिंपलेल्या, शेणखत घातलेल्या वाफ्यात दोन्ही भरपूर असतात. तळ उघडा असेल तर केवळ उंचीने संरक्षण होत नाही, ही गोष्ट हौशी बागाईतदारांच्या फार उशिरा ध्यानात येते.

उपाय मोजकेच आहेत. दोन-तीन फूट खोल चर काही काळ उपयोगी पडतो, परंतु तोडलेल्या टोकातून नवी मुळे फुटत असल्याने तो पुन्हा पुन्हा खणावा लागतो, आणि बुंध्याजवळ खणल्यास वादळात झाड कोसळण्याचा धोका राहतो. कलबुर्गी (पूर्वीच्या गुलबर्गा) जिल्ह्यातील, म्हणजे पूर्वीच्या निजामी मुलखातील, शहाबादी फरशी चरात उभी पुरली तरी सांध्यांतून मुळे शिरतात. जाड प्लॅस्टिकचा अखंड पडदा अधिक टिकतो. वाफ्याखाली अंथरलेल्या सच्छिद्र कापडातून बारीक मुळे पुढे वर येतात. खरा बंदोबस्त एकच, तळ असलेली पेटी जमिनीपासून विटांवर उचलून ठेवणे.

बैठ्या घरांच्या जागी सदनिका आल्यावर परस उरला तो भिंतीलगतच्या पट्टीपुरता, आणि मुळे येऊ लागली ती शेजारच्या आवारातून. शिवाय 2002 च्या जल, भूमी व वृक्ष अधिनियमानुसार झाड पाडण्यास परवानगी लागते. त्यामुळे भाजी गच्चीवर गेली. तेथे खालून मूळ येण्याची भीती नसली, तरी पक्ष्यांच्या विष्ठेतून रुजलेला पिंपळ कठड्याच्या भेगेत मूळ धरतो, आणि तो कोवळा असतानाच उपटावा लागतो.