आग विझल्यानंतरची नोंद

मागच्या वर्षी आमच्या ऑफिसच्या सर्व्हर रूममध्ये यूपीएसच्या लिथियम बॅटऱ्यांनी पेट घेतला. त्या रात्री ड्युटीवर मी होतो. बंब आला, अग्निशमन दलाचे जवान आत गेले, तासाभरात आग आटोक्यात आली. त्यातला एक जण मास्क काढून जिन्यात बसला होता. मान, मनगटं, कपाळ, सगळं काजळीनं माखलेलं. मी पाण्याची बाटली दिली आणि म्हटलं, "दादा, डॉक्टरला दाखवून घ्या." तो हसला. "हे रोजचंच आहे, साहेब."

घटनेचा अहवाल मीच लिहिला. सिस्टिम किती मिनिटं बंद होती, किती ग्राहकांना फटका बसला, कुठली केबल जळाली, सगळं त्यात होतं. अकरा पानं. आत गेलेल्या माणसांबद्दल एकच ओळ होती : 'अग्निशमन दलाने आग विझवली.'

त्या अहवालासाठी जुनी उदाहरणं शोधताना न्यूयॉर्कची एक आग सापडली. ती वाचल्यापासून ही ओळ मला टोचते आहे.

२७ फेब्रुवारी १९७५. मध्यरात्र उलटल्यावर मॅनहॅटनमधल्या सेकंड ॲव्हेन्यूवरच्या ११ मजली टेलिफोन एक्स्चेंजच्या तळघरात केबल पेटल्या. केबलवरचं आवरण पीव्हीसीचं होतं. पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, आणि घशातल्या, फुप्फुसांतल्या ओलाव्यात मिसळून तिथंच आम्ल तयार होतं. जोडीला बेंझिनसारखी कर्करोगकारक रसायनंही निघतात. आग १६ तासांहून जास्त चालली. सुमारे ७०० जण ती विझवायला राबले. त्या काळी पाठीवरची हवेची टाकी जड असायची, लवकर संपायची, आणि धूर पचवणं ही मर्दुमकी समजली जायची.

त्या दिवशी कोणीही मेलं नाही.

सुमारे १,७०,००० फोन मात्र मुके झाले. हजारो कामगारांनी दिवसरात्र खपून २३ दिवसांत ते पुन्हा सुरू केले. अभियांत्रिकीच्या दृष्टीनं हे अचाट काम होतं, आणि त्यावर 'मिरॅकल ऑन सेकंड ॲव्हेन्यू' नावाची फिल्मही निघाली. मी सुरुवातीला वाचत होतो तेही याच भागासाठी.

मग दुसरी बाजू समोर आली. त्या आगीत काम केलेल्यांच्या वैद्यकीय फायलींवर लाल तारा उमटवला होता, असं त्या दलातले जुने लोक पुढे सांगत राहिले. नंतरच्या वर्षांत त्यांच्यातल्या एकेकाच्या कर्करोगाच्या बातम्या येऊ लागल्या. पण त्या ७०० जणांचा शेवटपर्यंत माग काढणारा अभ्यास झाला नाही. फोनचा हिशेब आकड्यासकट मिळतो, माणसांचा मिळत नाही.

काजळी आणि कर्करोगाचं नातं तेव्हा नवं नव्हतं. १७७५ मध्ये, म्हणजे बरोबर २०० वर्षं आधी, लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी लिहून ठेवलं होतं की धुराडी साफ करणाऱ्यांना वृषणकोशाच्या त्वचेचा कर्करोग होतो आणि त्याचं कारण अंगावर साचणारी काजळी आहे. ही मुलं लहानपणी अरुंद धुराड्यांत शिरायची. आजार दिसायचा तो मोठेपणी. १९१५ मध्ये जपानमध्ये यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानांना महिनोन्‌महिने कोळशाचं डांबर चोळून कर्करोग घडवून दाखवला. १९३३ मध्ये लंडनच्या संशोधकांनी डांबरातून बेंझोपायरीन हे कर्करोगकारक द्रव्य वेगळं काढलं. आगीच्या धुरात आणि काजळीतही ते असतं.

मग आगीत काम करणाऱ्यांच्या बाबतीत एवढा उशीर का झाला? पॉट यांच्यासमोरचा आजार दुर्मीळ होता आणि एकाच धंद्यातल्या लोकांना होत होता, म्हणून तो नजरेत भरला. जवानाला होणारा मूत्राशयाचा किंवा आतड्याचा कर्करोग शेजारच्या कारकुनालाही होतो. शिवाय प्रत्येक आगीत जळणारं सामान वेगळं. भरती होताना धडधाकट माणसंच निवडली जातात, त्यामुळे सर्वसाधारण लोकसंख्येशी तुलना केली की धोका आहे त्याहून कमी भासतो. आणि निदान होईपर्यंत माणूस निवृत्त होऊन गावी गेलेला असतो. दलाच्या वहीत तो कामावर असताना ठणठणीतच होता.

हे कोडं सुटलं ते यादीला यादी जोडून. डेन्मार्क, फिनलंड, आइसलंड, नॉर्वे आणि स्वीडन या देशांत जनगणनेत प्रत्येकाचा व्यवसाय लिहिलेला होता आणि कर्करोगाच्या रुग्णांची राष्ट्रीय नोंद होती. संशोधकांनी दोन्ही जोडल्या. आमच्या भाषेत, दोन टेबलांचा जॉइन. त्यातून १६,४२२ पुरुष अग्निशामक वेगळे काढता आले. २०१४ मध्ये निष्कर्ष आला : कर्करोगाचा एकूण धोका फक्त ६ टक्क्यांनी जास्त. पण सत्तरीच्या पुढच्यांत मेसोथेलिओमा, म्हणजे मुख्यतः फुप्फुसाच्या आवरणाला होणारा कर्करोग, अडीचपट. ॲस्बेस्टॉसचे तंतू श्वासातून आत गेले की तो दशकांनंतर उगवतो. म्हाताऱ्यांना मोजलंच नसतं तर हा आकडा दिसलाच नसता.

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को, शिकागो आणि फिलाडेल्फियाच्या २९,९९३ अग्निशामकांच्या अभ्यासात कर्करोगाचं निदान ९ टक्के आणि त्यानं होणारे मृत्यू १४ टक्के जास्त आढळले. मेसोथेलिओमा तिथंही दुप्पट. शेवटी जून २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं फ्रान्समधल्या ल्यों इथं बैठक घेऊन अग्निशामकाचा व्यवसायच 'माणसात कर्करोग घडवणारा' या पहिल्या गटात टाकला. मूत्राशयाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा यांच्याबद्दल पुरावा पुरेसा ठरला. त्याआधी, २०१० च्या अहवालात, हाच व्यवसाय 'कदाचित' या गटात होता.

न्यूयॉर्कला हा हिशेब पुन्हा मांडावा लागला. ११ सप्टेंबर २००१ रोजी तिथल्या दलाचे ३४३ जण एका दिवसात गेले. यावेळी वाचलेल्यांची तपासणी आणि नोंद चालू राहिली. म्हणूनच सप्टेंबर २०२३ मध्ये दल सांगू शकलं की त्या ढिगाऱ्याच्या धुळीतून जडलेल्या आजारांनी गेलेल्यांची संख्याही ३४३ झाली आहे.

आपल्याकडे दर वर्षी १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात. १९४४ मध्ये त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवणारे ६६ जण गेले. त्यांची आठवण आपण राखली. पण त्या दिवशी वाचलेले, जळत्या कापसाच्या आणि गोदामांच्या धुरात राबलेले लोक पुढे कशानं गेले? याच मुंबईत १९६३ मध्ये देशातली पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू झाली. म्हणजे मोजायचं कसं, हे आपल्याला साठ वर्षांपासून येतं. जवानांच्या हजेरीपटाशी त्या नोंदी जोडायला कोणीतरी बसायला हवं, आणि कुठल्या आगीत काय जळत होतं हेही कुठंतरी लिहिलेलं असायला हवं.

मी माझा अहवाल पुन्हा उघडला. दोन पानांची पुरवणी लिहिली : किती बॅटऱ्या जळाल्या, त्या कोणत्या रसायनाच्या होत्या, किती मीटर केबल, कोणतं आवरण. सीसीटीव्हीवरून बघून, किती जण आत गेले आणि किती मिनिटं होते. प्रिंट काढून अग्निशमन केंद्रावर नेऊन दिली. टेबलापाशी बसलेल्या साहेबांनी पानं उलटून पाहिली.

"याचं आता काय करू? आग तर विझली."

"फाइलला लावून ठेवा," मी म्हणालो. "वीस वर्षांनी कोणीतरी मागायला येईल."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, पंच उचलला आणि पानांना भोकं पाडली.