प्रारब्ध, ज्ञानोत्तर

आत्मज्ञान झाल्यानंतरही देह, त्याचे भोग आणि जुन्या सवयी काही काळ टिकून राहतात. त्यामागचे कारण म्हणून वेदान्तात पुढे केलेले कर्म म्हणजे ज्ञानोत्तर प्रारब्ध. वेदान्ती कर्माचे तीन भाग करतात. अनेक जन्मांत साठलेले ते संचित, सध्या घडत असलेले ते क्रियमाण आणि संचितातून फळ द्यायला लागलेले, ज्यातून हा देह मिळाला, ते प्रारब्ध. ज्ञानाने संचित जळते आणि क्रियमाण चिकटत नाही, यावर बहुतेकांचे एकमत आहे. वाद आहे तो तिसऱ्याबद्दल.

प्रश्न मुळात अडचणीचा आहे. देह हे अज्ञानाचे कार्य मानले, तर अज्ञान जाताक्षणी देह पडायला हवा. पण मग गुरू म्हणून शिकवायला कोणी उरणारच नाही आणि ज्ञानाची परंपरा पहिल्याच पिढीत खुंटेल. छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात ज्ञान्याला देह सुटेपर्यंतच विलंब असतो असे म्हटले आहे. त्या आधारावर ब्रह्मसूत्रांच्या चौथ्या अध्यायात फळ देऊ लागलेले कर्म इतर कर्मांपासून वेगळे काढले आहे. शंकराचार्यांनी त्यासाठी सुटलेला बाण आणि कुंभाराचे चाक हे दोन दृष्टान्त वापरले. बाण सुटल्यावर धनुर्धराचे मन पालटले तरी बाण माघारी येत नाही. मडके उतरवले तरी चाक वेग सरेपर्यंत फिरत राहते. चाकाचा दृष्टान्त सांख्यकारिकेतही आहे.

मंडनमिश्रांनी ब्रह्मसिद्धीत निराळी वाट धरली. दोरीवर सापाचा भास होऊन घाबरलेल्या माणसाला दोरी ओळखू आल्यावरही काही वेळ कापरे भरलेले असते. हा केवळ संस्कार आहे, त्यामागे खरी भीती उरलेली नाही, असे त्यांचे म्हणणे. पुढच्या आचार्यांनी अविद्येचा लेश उरतो अशी तडजोड केली. अज्ञानाचा अंश शिल्लक ठेवून ज्ञान पूर्ण झाले म्हणणे हा युक्तिवाद कोणालाच पुरता पटलेला दिसत नाही. विवेकचूडामणी आणि अपरोक्षानुभूती या प्रकरणग्रंथांत तर परमार्थाच्या दृष्टीने प्रारब्धच नाही, ते अज्ञांच्या समजुतीसाठी सांगितले आहे, अशी भूमिका आहे.

या सर्वांत प्रामाणिक विवेचन चौदाव्या शतकातील विद्यारण्यांचे. त्यांच्या जीवन्मुक्तिविवेकात भोग आणि वासना हे दोन वेगळे केले आहेत. ताप येणे, भूक लागणे, अपमान वाट्याला येणे हे भोग झाले. राग, गर्व, वादात जिंकण्याची हौस या वासना. भोगाला इलाज नाही, पण वासनेला आहे. उदाहरण म्हणून त्यांनी थेट याज्ञवल्क्यांनाच घेतले आहे. बृहदारण्यक उपनिषदात जनकाच्या यज्ञात सर्वश्रेष्ठ ब्रह्मवेत्त्यासाठी एक हजार गाई उभ्या केल्या होत्या आणि त्यांच्या शिंगांना सोने बांधले होते. वाद सुरू होण्याआधीच याज्ञवल्क्यांनी शिष्याला गाई हाकायला सांगितले. पुढे विदग्ध शाकल्याशी इतके हातघाईवर आले की शाकल्याचे मस्तक गळून पडले. उपनिषदातला सर्वांत मोठा ज्ञानी, आणि त्याच्या ठिकाणी विद्येचा मद आहे हे विद्यारण्य झाकत नाहीत. त्यांच्या मते तत्त्वज्ञान झाल्यावरही मनोनाश आणि वासनाक्षय यांचा अभ्यास करावा लागतो. याज्ञवल्क्यांनी नंतर घेतलेला संन्यास त्यासाठीच होता. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात ज्ञानीसुद्धा आपल्या प्रकृतीप्रमाणे वागतो असे आले आहे. ज्ञान्याच्या वागण्याला पळवाट म्हणून हा श्लोक फार वापरला जातो. विद्यारण्य वाचल्यावर तो तसा वापरता येत नाही.

बौद्ध परंपरेने हाच भेद जास्त स्पष्ट मांडला आहे. पाली उदानात पिलिंदवच्छ नावाचा अर्हत भिक्षू सर्वांना हीन जातीचे म्हणून हाक मारतो. इतर भिक्षू तक्रार करतात, तेव्हा बुद्ध सांगतात की पाचशे जन्म तो ब्राह्मणकुळात जन्मला, जिभेला तीच सवय लागली आहे, मनात द्वेष नाही. पुढे अर्हताचे क्लेश संपतात पण वासना उरते, ती फक्त बुद्धाच्या ठिकाणी संपते, असा सिद्धान्त झाला. हाक ऐकणाऱ्याला काय वाटत असेल, याचा विचार मात्र त्या कथेत नाही. अंगुलिमालाची गोष्ट भोगाची आहे. अर्हत झाल्यावर तो भिक्षेला गेला असता लोकांनी फेकलेले ढेकूळ, काठी व खापर लागून त्याचे डोके फुटले, पात्र मोडले, चीवर फाटले. बुद्धांनी त्याला ते सोसायला सांगितले.

जैन मताची मांडणी सर्वांत काटेकोर. मोहनीय धरून चार घाती कर्मे नष्ट झाल्याशिवाय केवलज्ञान होत नाही; त्यानंतर वेदनीय, आयू, नाम आणि गोत्र ही चार अघाती कर्मे राहतात. म्हणजे आयुष्य आणि शरीराचे सुखदुःख उरते, पण राग-लोभ उरू शकत नाहीत. परंपरेनुसार महावीरांना ४२ व्या वर्षी केवलज्ञान आणि ७२ व्या वर्षी निर्वाण झाले. मधली तीस वर्षे अघाती कर्मांची.

खान्देशातील संदर्भ. धुळ्याच्या उत्तरेस मुंबई–आग्रा रस्त्यावरील सोनगीर हे किल्ल्याचे आणि तांब्या-पितळेच्या भांड्यांचे गाव. तांबटाने मठारलेल्या हंड्यावर हातोडीचे ठोके उमटलेले असतात. हंडा कितीही घासला, आतून कल्हई केली, तरी ते जात नाहीत. मोडीत घालून वितळवला की जातात. देह असेपर्यंत प्रारब्ध आणि देहपातानंतर विदेहमुक्ती, हा क्रम असाच आहे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण आपण खोडीसाठी टोमणा म्हणून वापरतो. शास्त्रात जळलेली दोरी ज्ञान्याच्या बाजूने येते: आकार दिसतो, पण तिने कोणाला बांधता येत नाही.

तापी-पूर्णेच्या संगमावरील चांगदेव गावाचे योगी चांगदेव या विषयात नेहमी उद्धृत होतात. चौदाशे वर्षे जगूनही अहंकार सुटला नाही, ही त्यांची आख्यायिका. पण ते उदाहरण येथे बसत नाही. चांगदेवांजवळ तेव्हा सिद्धी होती, ज्ञान नव्हते. ज्ञानेश्वरांच्या पासष्ट ओव्या आणि मुक्ताबाईंचा उपदेश त्यानंतरचा.

अमळनेर येथे प्रताप शेठ यांच्या आश्रयाने १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर सुरू झाले. तेथील जी. आर. मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती यांचे अज्ञान या विषयावरील इंग्रजी पुस्तक १९३३ मध्ये निघाले. अज्ञान ही वस्तू आहे की नुसता अभाव, या त्यातील प्रश्नावर अविद्येचा लेश उरतो की नाही हे ठरते. त्याच्या आदल्या वर्षी, १९३२ मध्ये, विनोबांनी धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. अखेरच्या प्रवचनात सिद्ध पुरुषाच्या क्रिया, भाव आणि ज्ञान अशा तीन अवस्था येतात. तेथे सिद्धाची क्रिया शुद्धच असते. ज्ञानानंतर खोड राहिली तर प्रारब्ध, ही सवलत विनोबा देत नाहीत.

आधुनिक काळातील ठळक उदाहरण निसर्गदत्त महाराजांचे (१८९७–१९८१). मुंबईत खेतवाडीला राहणाऱ्या या नवनाथ परंपरेतील गुरूंचा विड्यांचा व्यवसाय होता. ते स्वतः विड्या ओढत, भेटायला आलेल्यांवर खेकसतही. घशाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्यांच्या बाबतीत विडी आणि आजार यांना प्रारब्ध म्हणणे चालू शकते, कारण त्यात इतरांचे फारसे काही गेले नाही. पैसा, शिष्यांचे शोषण किंवा स्त्रियांशी गैरवर्तन यांसाठी काही गुरूंचे अनुयायी हाच शब्द वापरतात, तो मात्र सिद्धान्ताचा उघड गैरवापर आहे. प्रारब्ध हे ज्ञान्याच्या वाट्याला येणाऱ्या भोगाचे स्पष्टीकरण आहे. त्याने दुसऱ्याला दिलेल्या दुःखाला ते लागू करायला अद्वैत, बौद्ध किंवा जैन, कोणत्याही मतात आधार नाही.