परम सद्भाव (विमा करार)

विमा करारात जोखमीविषयीची महत्त्वाची माहिती न विचारताही समोरच्या पक्षाला सांगण्याचे कर्तव्य. साध्या खरेदीत माल पारखून घेता येतो. विम्यात मात्र खरी परिस्थिती बहुधा विमेदारालाच ठाऊक असते. इंग्लंडमधील कार्टर विरुद्ध बोएम (१७६६) या खटल्यात लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी हे तत्त्व मांडले. विमा उतरवलेला सुमात्रातील फोर्ट मार्लबरो हा किल्ला १७६० मध्ये फ्रेंचांनी घेतला, तेव्हा माहिती दडवल्याचे सांगत विमाकर्त्याने भरपाई नाकारली. निकाल मात्र विमेदार असलेले किल्ल्याचे गव्हर्नर कार्टर यांच्या बाजूने लागला. हे अनेकदा विसरले जाते. विमाकर्त्यालाही हा सद्भाव बंधनकारक आहे. भारतात विमा अधिनियम, १९३८ च्या कलम ४५ नुसार (२०१५ ची दुरुस्ती) जीवनविमा पॉलिसीला तीन वर्षांनंतर माहिती दडवल्याच्या कारणावरूनही आव्हान देता येत नाही. वारसांच्या दृष्टीने ही तरतूद न्याय्यच आहे.